रात्रपाळीला कोण असतं?

तर झालं असं की महिन्याभरापूर्वी एका शनिवारी सकाळी बरोब्बर अकराला मावशीचा फोन आला. विकांताला अकराच्या आत मला उठवायचं नाही, हे आईनं तिला कधीतरी सांगून ठेवलंय आणि ती ते मिनिट धरून पाळते. पाऊस, सोयाबीनचा भाव, काकांचे गुडघे असं सगळं झालं. मग जरा थांबून म्हणाली, "तू पुण्यात रायतं, तुले सारं माईत असते. आमच्या मांगं याचं कसं होईन रे बाबू?"

'याचं' म्हणजे दादाचं. माझा मावसभाऊ. वय वर्षं ४६. मेहकर तालुक्यातलं आमचं गाव, तिथंच त्याचा जन्म आणि तिथंच सगळं आयुष्य. लहानपणी अकोल्याच्या डॉक्टरांनी कागदावर 'मतिमंद' लिहून दिलं आणि तो शब्द घरात तसाच राहिला. पुढे सरकारी कागदांवर शब्द बदलत गेले. मतिमंदचं गतिमंद झालं, मग विशेष, मग दिव्यांग. दादा आहे तसाच आहे. तो स्वमग्नही आहे, म्हणजे ऑटिझम, हे आम्हाला कळलं तो चाळिशीला आल्यावर. मी त्याला पुण्यात एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो होतो. त्यांनी तासभर त्याच्याशी एसटीच्या वेळापत्रकावर गप्पा मारल्या आणि मग आम्हाला सांगितलं.

एसटी हा त्याचा विषय. मेहकरच्या स्टँडवरून कुठली गाडी किती वाजता सुटते हे त्याला पाठ आहे, आणि एखादी फेरी बंद झाली की दोन दिवस बेचैन असतो. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी त्याला अंगणात जाऊ द्यावं लागतं. वरण वेगळ्या वाटीत लागतं. भाताला वरण लागलं की ते ताट संपलं, मग तुम्ही ब्रह्मदेव असा. मावशीला हे सगळं विचार न करता येतं. ४६ वर्षांचा सराव आहे. पण मावशी आता ७० ची होईल, काका ७४ चे आहेत आणि ताई अमरावतीला तिच्या संसारात.

असो. प्रश्न आला की आधी एक्सेल उघडायचं ही आमच्या जमातीची खोड. मीही उघडलं. महिन्याची फी, पुण्यापासून अंतर, डॉक्टर किती वेळा येतो, सीसीटीव्ही आहे का, आवार केवढं आहे. चौदा रकाने केले होते. तीन निवासी संस्था पाहून आलो आणि तेरा रकाने उडवून टाकले. उरला तो एकच: रात्री कोण असतं?

त्याचं कारण सांगतो. तिघींतली जी सगळ्यात चकाचक होती (नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही), तिथं दारातच देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या, आत योगाचं दालन, कपाटात ट्रॉफ्या. हॉलमध्ये चाळीसेक खाटा ओळीनं, चादरी एकसारख्या. दाखवणारे गृहस्थ फार आस्थेनं बोलत होते. मी वरणाच्या वाटीचं विचारलं. ते हसून म्हणाले, "सर, इथं सगळ्यांना सारखंच. भेदभाव नाही." त्यांना ते खरोखरच अभिमानानं सांगायचं होतं. मग मी विचारलं, रात्री किती माणसं असतात? "दोन असतात ना." जरा थांबून, "गेटवरचा वॉचमन धरून."

म्हणजे चाळीस माणसांमागे एक.

ते गृहस्थ वाईट नव्हते बरं का. बारा-बारा तासांची ड्यूटी करणारा, मुलांना नावानं ओळखणारा माणूस. पण तुम्ही त्या हॉलचा रात्री दोनचा विचार करून बघा. बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न माणसांमध्ये फिट्स येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं आणि झोपेच्या तक्रारीही जास्त असतात. एक जण उठून येरझाऱ्या घालतोय, एकाचं अंथरूण ओलं झालंय, तिसऱ्याला फिट आलीय. ट्यूबलाइटची घरघर आणि कुणाच्या तरी ओरडण्यानं चौथा कानावर हात ठेवून भिंतीवर डोकं आपटतोय. जागा असलेला माणूस एकच. तो काय करेल? दाराला कडी लावेल, नाहीतर झोपेची गोळी देईल, नाहीतर हात बांधेल. राक्षसच असायला हवा असं काही नाही. तुमच्या-माझ्यासारखा थकलेला माणूस पुरे.

आमच्या हापिसात एक सर्व्हर रात्री पडला तर त्यासाठी ऑन-कॉलचं वेळापत्रक असतं. पहिला उठला नाही तर दुसऱ्याचा फोन वाजतो, दुसरा उठला नाही तर मॅनेजरचा. सकाळी काय चुकलं यावर बैठक होते. हे सगळं कशासाठी, तर लोकांना ऑनलाइन चपला मागवता याव्यात म्हणून.

तर हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असं धरलं तर चोवीस तास एक जागा भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, लग्नसराई धरली की चार. पन्नास जणांच्या संस्थेत दर दहा जणांमागे एक मदतनीस कायम हवा असेल (हेही फार नाही, घरी मावशी एकाला एक आहे) तर पाच जागा, म्हणजे वीस माणसं. महिन्याला १५ हजार पगार धरा, तीन लाख झाले. पन्नासांत वाटले तर माणशी ६ हजार. हे फक्त मदतनिसांच्या पगाराचे. जेवण, औषधं, वीज, डॉक्टर, साबण वेगळा. आता एखादी संस्था याहून कमी फी सांगत असेल आणि अनुदान-देणग्या कुठून येतात ते सांगत नसेल, तर पैसे कुठे वाचवले असतील ते ओळखायला एक्सेल लागत नाही.

महाराष्ट्रात या विषयावर जे जे गाजलं, ते या हिशेबाशी लावून पाहिलं की वेगळंच दिसायला लागतं. फेब्रुवारी १९९४. शिरूरच्या शासकीय गृहातल्या अकरा मतिमंद मुली-बायकांची गर्भाशयं पुण्यात ससूनमध्ये शस्त्रक्रिया करून काढली गेली. विरोध झाल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. कारण काय दिलं होतं? यांना पाळीच्या वेळची स्वच्छता राखता येत नाही. त्या वेळी चर्चा झाली ती हक्कांची, आणि व्हायलाच हवी होती. पण दर महिन्याला चार दिवस मदत करायला, शिकवायला पुरेशा बायका नेमल्या असत्या तर हे कारण कोणाच्या डोक्यात तरी आलं असतं का? माणसांची कमतरता तिथं सुरीनं भरून काढली.

मग २०१०. ठाणे जिल्ह्यात शहापूरकडच्या कवडासच्या संस्थेतल्या गतिमंद मुलांची उपासमार, मृत्यू आणि अत्याचार यांच्या बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. राज्यातल्या अशा गृहांची पाहणी करायला टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ही मंडळी संस्थांमध्ये जायला लागली, आणि २०११ मध्ये पनवेलच्या कल्याणी महिला बाल सेवा संस्थेतले मतिमंद आणि मूकबधिर मुलींवरचे लैंगिक अत्याचार बाहेर आले. संस्थापकाला २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. २०१४ मध्ये उच्च न्यायालयानं खुनाच्या आरोपातून सोडून दहा वर्षांची सक्तमजुरी कायम केली. बाहेरची माणसं दारात आली नसती, तर त्या मुली कोणाला सांगणार होत्या? काहींना बोलताच येत नव्हतं.

आमच्या जिल्ह्यानंही हे पाहिलंय. नोव्हेंबर २०१६ मध्ये खामगाव तालुक्यातल्या पाळा इथल्या आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलींचं प्रकरण बाहेर आलं. त्या मुली दिव्यांग नव्हत्या, पण साचा तोच. घर लांब, आईबाप गरीब, आणि रात्री आत कोण असतं हे बाहेर कोणी विचारत नाही.

इथं कोणी म्हणेल, हे सगळं पैशाचं रडगाणं आहे. भारत गरीब, म्हणून असं. म्हणून एक बाहेरचं उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खाजगी रुग्णालय होतं, बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न प्रौढांसाठी. खाटा फक्त २४. एका रुग्णामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड सरकार भरत होतं. आठवड्याला! मे २०११ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमानं तिथं कर्मचारी म्हणून आत शिरलेल्या पत्रकाराचं चित्रीकरण दाखवलं. लाथा, केस ओढणं, कपड्यांसकट थंड पाण्याचा शॉवर, खुर्चीखाली दाबून ठेवणं. अकरा जण दोषी ठरले, सहा जण तुरुंगात गेले, रुग्णालय बंद झालं. त्याआधी तिथल्याच एका वरिष्ठ नर्सनं सरकारी तपासणी यंत्रणेला लेखी कळवलं होतं, आणि ते पत्र तसंच पडून राहिलं. नातेवाइकांना भेटायला येता यायचं, पण खोल्यांपर्यंत जाऊ देत नसत.

तेव्हा माझ्या त्या रकान्याला मला एक उपप्रश्न जोडावा लागला. रात्री कोण असतं, आणि त्याच्यावर नजर कोणाची असते? रजिस्टर, प्रमाणपत्र, भिंतीवरचा परवाना यांचा उपयोग आहेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अशा संस्थांना नोंदणी सक्तीची केलीय. त्याच कायद्याचं कलम ५ दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क देतं, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. पण टेस्टिंग केलेल्या कोणालाही विचारा. तारीख आधी सांगून केलेल्या डेमोत कधीच बग सापडत नाही.

आता आमच्या भागातलं एक नाव घ्यायलाच हवं. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यात वझ्झर आहे. तिथं शंकरबाबा पापळकरांचं बेवारस मतिमंद-मूकबधिर मुलांचं बालगृह. रेल्वे स्टेशनवर, कचराकुंडीत सापडलेली मुलं त्यांनी सांभाळली आणि १२३ जणांना बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं. जळगाव स्टेशनवर सापडलेली त्यांची अंध मुलगी माला २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली. त्याच वर्षी बाबांना पद्मश्री मिळाली. आणि गेली कित्येक वर्षं ते एकच मागणी घेऊन सरकारच्या दारात जाताहेत: अठरा पूर्ण झाली म्हणून या मुलांना बालगृहातून बाहेर काढायचं नाही, त्यांच्या आयुष्यभराच्या पुनर्वसनाचा कायदा करा. मूळ रचना धडधाकट मुलाला समोर ठेवून केलेली. अठरा झाली, गेला कामाला. दादासारख्याला अठराव्या वाढदिवशी नेमकं काय कळणार होतं?

मला वझ्झरबद्दल आदर आहे, आणि तितकीच धास्तीही वाटते. आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. बाबा ऐंशी ओलांडलेले आहेत. आपल्याकडे जे जे चांगलं चाललंय त्यात असा एखादा वेडा माणूस किंवा जोडपं असतं. चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळला पालवे दांपत्य 'सेवासंकल्प' चालवतं. तिथं रस्त्यावर सापडलेले बेवारस मनोरुग्ण असतात. (मनोरुग्ण वेगळे, मतिमंद वेगळे, हे आपल्याकडे शिकलेल्यांनाही सांगावं लागतं. मनोविकार हा आजार आहे, दादाला आजार नाही.) आपण अशांचे सत्कार करतो, डोळे पुसतो, आणि त्यांच्यानंतर काय हा प्रश्न त्यांच्याच अंगावर टाकून घरी येतो. मावशीचा प्रश्न आणि शंकरबाबांचा प्रश्न शब्द न बदलता एकच आहे.

दुसरी एक वाट दिसते ती लहान घरांची. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात कोळवणला साधना व्हिलेज आहे, १९९४ पासून. तिथं बौद्धिक दिव्यांग प्रौढ हॉलमध्ये न राहता थोडेथोडे मिळून घरात राहतात, आणि घर सांभाळायला गृहमाता असतात. गावाशी येणंजाणं असतं. कल्पना युरोपातल्या कॅम्पहिल वसाहतींच्या जवळची. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा. त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांचा विचार आहे, आणि त्याखाली प्रौढांच्या निवासासाठी 'घरौंदा' नावाची योजनाही आहे. कागद आपल्याकडे चांगले असतात हो.

मेहकरसारख्या गावात भाड्याचं घर, चार जण राहणारे, कायम एक मदतनीस. म्हणजे चार माणसं, ६० हजार, माणशी १५ हजार. मघाच्या हॉलच्या अडीचपट. पण चौघांमागे एक माणूस मिळतो, तोही अडीचपटच. मोठ्या इमारतीनं काही वाचत नाही, माणसं कमी केल्यावरच वाचतं. आता हे १५ हजार कोण देणार? आमच्या घरात मी आहे, ताई आहे, थोडी शेती आहे. आमच्या गावात दादासारखा आणखी एक मुलगा आहे, त्याची आई मजुरीला जाते. तिला हे गणित दाखवायची माझी हिंमत नाही. तिथं सरकारच हवं. सरकारनं माणशी जे अनुदान द्यायचं, त्यात रात्रीच्या माणसाचा पगार वेगळा मोजलेला हवा, नाहीतर तो पहिल्यांदा कापला जातो.

आणि आपण? म्हणजे तुम्ही, मी, पुण्या-मुंबईत-बंगलोरात बसलेलो. आपण काय करतो ते मला चांगलं माहीत आहे, कारण मीही केलंय. वाढदिवसाला एक वेळचं जेवण. सीएसआरच्या दिवशी एकसारखे टी-शर्ट घालून बस भरून जायचं, फळं वाटायची, फोटो काढायचे. त्या दिवशी स्वमग्न मुलांनी कानांवर हात ठेवलेले असतात आणि आपल्याला वाटतं लाजताहेत. मी पाहिलेल्या तिन्ही ठिकाणी पुढचे कित्येक रविवार जेवणं बुक होती. गोड जेवण, आठवड्यातून तीनदा. मात्र रात्रीच्या मदतनिसाचा पगार कोणी पुरस्कृत केल्याची पाटी एकाही भिंतीवर नव्हती. कशी असणार? पाटीवर काय लिहिणार, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ रात्री दोन ते पहाटे सहा'?

खरं सांगायचं तर मला अशी पाटी आवडेल. पाच मित्रांनी महिन्याला तीन-तीन हजार काढले तर एक माणूस उभा राहतो. आणि पैसे देणाऱ्यांपैकी एकानं महिन्यातून एकदा, न सांगता, जेवणाच्या वेळी नाही तर रात्री आठ-नऊला, एकाच ठरावीक माणसाला भेटायला जावं. संस्थेला नाही, माणसाला. त्याचं नाव, त्याची खोड, त्याच्या अंगावरचे वळ असले तर ते, हे एकाच डोळ्यांना महिन्यामागून महिने दिसलं पाहिजे. दार उघडत नसतील तर तेही कळलंच की. चांगल्या संस्थेला याचा राग येत नाही. पाहिलेल्या तिघींपैकी एकीच्या बाईंनी मला आपणहून म्हटलं होतं, कधीही या, रात्री या. त्यांच्याकडे जागा नव्हती. प्रतीक्षायादीत आमचा नंबर सदतिसावा.

एक काम मात्र आमचंच राहिलंय आणि ते आधी करायचंय. दादा अठराचा झाला तेव्हाच कायद्यानं सज्ञान झाला. राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमायचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा असतो. २८ वर्षं झाली, आम्ही केलेला नाही. मावशी म्हणते, मी हाव ना. दिवाळीत बुलडाण्याला जाऊन अर्ज टाकायचा असं ताईनं आणि मी ठरवलंय.

तिन्ही जागा पाहून झाल्यावर मी मावशीला फोन केला. त्या चकाचक इमारतीचं वर्णन ऐकून तिला बरं वाटलं असावं. स्पीकर चालू होता, मागून दादाचा आवाज येत होता. ट्रॅव्हल्सनं येऊ नको, एसटीनं ये, असं तो मला दर वेळी सांगतो. मावशी म्हणाली, "याच्या वरनाच्या वाटीचं सांगतलं का त्याईले?"

सांगितलं, म्हटलं.

"मंग काय म्हनलं त्यायनं?"

मी सांगितलं काय म्हणाले ते. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मागे कुकर लावलेला असावा, कारण "जाय बाप्पा बाहेर, जाय" असं ती दादाला म्हणाली आणि दार वाजलं. मग मला म्हणाली, "तं मंग राहू दे."